पहिलं अक्षर शून्य

सकाळीच डिस्पॅचमधून फोन आला, की टेंपोवाला विचारतोय हालापूर कुठे आलं. विशाखा ओव्हाळला आधी काही बोधच होईना. मग ती खाली जाऊन खोकी बघून आली. लेबलांवर इंग्रजीत छापलेल्या प्रत्येक गावाचं पहिलं अक्षर उडालं होतं. खालापूरचं हालापूर झालं होतं, खोपोलीचं होपोली, कर्जतचं अर्जत.

ही गोष्ट १९८७ सालची. खोपोलीच्या अलीकडे पुठ्ठ्याचा एक कारखाना होता आणि त्यात चपला बाहेर काढून शिरायची एक गार खोली. कारखान्याचा कॉम्प्युटर तिथे होता. विशाखा पळसदरीहून रोज तिथे प्रोग्रॅम लिहायला यायची. नोकरीला वर्षही झालं नव्हतं.

लेबलांचा प्रोग्रॅम तिचा नव्हता, स्टोअरमधल्या जना भोईरचा होता. जना तिच्याहून मोठी, संसारी बाई, कामापुरतं कॉम्प्युटर शिकलेली. लांब ओळीतून हवा तेवढा तुकडा कापून देणारं एक फंक्शन कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख कमळाकर पाटणकर यांनी करून ठेवलं होतं. जनाने तेच वापरलं होतं. ऑर्डरच्या ओळीत आधी चार आकडे गिऱ्हाइकाचे आणि पाचव्या जागेपासून गाव, म्हणून तिने पाचपासून कापायला सांगितलं. फंक्शन मात्र पहिल्या अक्षराला शून्य धरून मोजायचं. त्याचं पाच म्हणजे सहावं अक्षर.

"मॅन्युअलमध्ये लिहिलं नाही का, जनाताई?"

"असंल लिहिलेलं. मला काय कळलं नाय त्यातलं," जना म्हणाली.

विशाखाने मॅन्युअलचं ते पान काढलं. पाटणकरांनीच लिहिलेलं. सगळं बरोबर होतं आणि इंग्रजीही अस्सल, पण पहिलं वाक्य अर्धं पान व्यापून संपत होतं आणि संपेपर्यंत सुरुवात काय होती ते विसरायला व्हायचं. शून्याची गोष्ट 'ऑफसेट', म्हणजे सुरुवातीची किती अक्षरं सोडायची, या एका शब्दात दडली होती. उदाहरण एकही नव्हतं. मॅन्युअलची नवी प्रत टाइप करायचं काम तिच्याकडेच आलेलं होतं. तिने ठरवलं, हे पान नुसतं टाइप करायचं नाही, नव्याने लिहायचं.

पहिला प्रयत्न साफ फसला. काही राहून जाऊ नये म्हणून तिने इतकं समजावलं, की एका पानाची चार पानं झाली. जनाने दीड पान वाचलं, छान आहे म्हणाली आणि चहाला निघून गेली.

दुसऱ्या वेळी विशाखा शहाणी झाली. तिने जनाला पाटणकरांचं जुनं पान दिलं, शेजारी खुर्ची ओढली आणि सांगितलं, तुम्ही वाचा, मी एक शब्द बोलणार नाही. जना बोट ठेवून वाचू लागली. बोट जिथे अडेल तिथे विशाखा पेन्सिलने खूण करत गेली. गप्प राहणं सोपं नव्हतं, दर ओळीला सांगावंसं वाटत होतं. 'ऑफसेट'वर बोट बराच वेळ थांबलं.

"हे छापखान्याचं हाय ना गं?" जनाने विचारलं. कर्जतला तिच्या दिरांचा ऑफसेट छापखाना होता.

वाचून झाल्यावर विशाखाने विचारलं, मग तुम्हाला पानावर काय असलेलं हवंय?

"मी काय टाइप करू ते सांग, आन् काय बाहेर येईल ते दाखव. बाकीचं मागनं लिही," जना म्हणाली.

विशाखाने तसंच केलं. अगदी वर कर्जतची इंग्रजी अक्षरं सुटी सुटी मांडली आणि प्रत्येकाखाली त्याचा आकडा, शून्यापासून. त्याखाली एक ओळ आत जाणारी, एक बाहेर येणारी. मग रोजच्या इंग्रजीत चार छोटी वाक्यं. लिहिता लिहिता तिलाच शंका आली, की शब्दात आहेत त्याहून जास्त अक्षरं मागितली तर? मॅन्युअल त्यावर गप्प होतं. तिने मशीनवर करून पाहिलं. उरलेली अक्षरं मिळाली आणि मशीनने कसलीही तक्रार केली नाही. तेही तिने लिहिलं.

पाटणकरांनी तो कागद उभ्याउभ्या वाचला. म्हणाले, हे शाळेच्या पुस्तकासारखं दिसतंय. मग घडी घालून खिशात टाकला आणि निघून गेले. पुढे आठवडाभर त्यांनी विषयच काढला नाही. विशाखाला वाटलं, आपण नको तिथे हात घातला. घरी जेवताना तिने आईला, पारूबाईला, सांगून टाकलं, की साहेब दुखावलेत.

"कागूद चुकीचा लिवलास का?" पारूबाईने विचारलं.

"नाही."

"मंग जेव आधी," म्हणत तिने ताटात भाकरी वाढली.

सोमवारी पाटणकरांनी तिला बोलावलं. कागद टेबलावर उलगडून ठेवलेला होता. जास्त अक्षरं मागितली तर काय होतं, ते आपण लिहिलंच नव्हतं, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. आपल्याला ते इतकं ठाऊक होतं की लिहायचं सुचलंच नाही. मग ते वेगळंच बोलू लागले. ते मूळचे लोधिवलीचे, मराठी शाळेत शिकलेले. मुंबईतल्या पहिल्या नोकरीत त्यांची एक इंग्रजी टिपणी वरिष्ठांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली होती. सगळे हसले होते.

"तेव्हापासून कुणाला हसता येणार नाही अशी वाक्यं लिहायला लागलो," ते म्हणाले. "ती कुणाला कळतात का, हे बघायचं राहूनच गेलं."

विशाखाला आपलं कॉलेज आठवलं. तिलाही कॉलेजात पहिल्या वर्षी उत्तर येत असून हात वर करायची हिंमत झाली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "सर, तुमच्या पानात चूक कुठेच नव्हती. म्हणून तर मला सोपं लिहिता आलं."

त्यांनी विचारलं, हे नेमकं केलंत कसं? तिने जनाशेजारी गप्प बसल्याचं सांगितलं. पाटणकर पहिल्यांदा हसले.

नवं पान मॅन्युअलमध्ये गेलं. 'ऑफसेट' शब्द ठेवावा असा पाटणकरांचा हट्ट होता, तेव्हा तो खाली एका ओळीत अर्थासकट ठेवला. लेबलांवर गावं पुरी छापून येऊ लागली, आणि जनाने आणखी दोन प्रोग्रॅम कुणालाही न विचारता लिहिले. तेवढ्यावर थांबायचं नाही असं मात्र पाटणकरांनीच ठरवलं. दोन ओळी एकत्र जोडणाऱ्या फंक्शनचं पान त्यांनी स्वतः नव्याने लिहिलं आणि एका दुपारी जनाला वर बोलावलं.

जना तिसऱ्या ओळीवर अडली. साहेबांकडे बघून ओशाळली आणि म्हणाली, "हे मला नाय कळलं, सर."

पाटणकरांनी पेन्सिल उचलली, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "कुठला शब्द?"