सीलबंद वहीतला माणूस

सकाळी दहा वाजता वीज मंडळ वारलं. मरण शांतपणे, फायलीतल्या फायलीत आलं. मागे तीन कंपन्या उरल्या: एक वीज बनवणारी, एक ती वाहून नेणारी आणि एक ती वाटून शिव्या खाणारी.

उपकेंद्रातल्या कंट्रोल रूमची वाटणी आदल्या दिवशीच झाली होती. फरशीवर चुन्याची रेघ. कपाट वाहतूक कंपनीला, खुर्च्या वाटप कंपनीला. ऑपरेटर वाहतुकीत गेला, त्याचा मेहुणा वाटपात. तो लाइनमन. "घरातही रेघ ओढू का?" असं ऑपरेटरच्या बायकोनं विचारलं होतं. भाऊ तिचा, नवराही तिचाच.

साडेअकराला वाहतूक कंपनीचे नवे साहेब आत आले.

"लाइन चालू करा. मंडपात पाहुणे घामाघूम झालेत. बाराला कंपनीचं उद्घाटन आहे."

"लाइनवर माणूस आहे, साहेब. माझा मेहुणा. कालव्यापलीकडे खांबावर चढलाय. आठ वाजता लाइन बंद करून, कामाचं परमिट घेऊन गेला."

साहेबांनी नवी वही उघडली. कोरी करकरीत. "यात एकही परमिट नाही."

"जुन्या वहीत आहे."

"जुनी वही बंद झाली."

झालीच होती. दहाच्या ठोक्याला साहेबांनी स्वतः तिच्यावर लाखेचं सील ठोकलं होतं आणि वर चिठ्ठी डकवली होती: 'प्रलंबित परमिटे: निरंक.' आत पाहिलं नव्हतं. मेलेल्याचे खिसे कोण तपासतो?

"त्याला फोन करा."

ऑपरेटरनं टेबलाकडे बोट दाखवलं. मेहुण्याचा मोबाइल तिथंच होता. खांबावर न्यायचा नाही ही शिस्त. वायरलेस सेट सकाळीच खोक्यात भरून वाटप कंपनीकडे रवाना झाला होता.

"साडेतीन तास झाले. उतरला असेल, बसला असेल कुठंतरी बिड्या फुंकत."

"उतरला असेल तर येईल. ज्यानं परमिट घेतलं त्यानंच येऊन सही करायची, तोवर स्विचचं कुलूप काढायचं नाही. वीस वर्षं असंच चाललंय."

"ते मंडळात!"

"करंट तोच आहे ना, साहेब?"

साहेबांनी कपाटातून दुसरी किल्ली काढली आणि यार्डात चालू लागले. ऑपरेटर मागोमाग. कुलूप निघालं. साहेबांनी स्विचच्या लांब दांड्याला हात घातला. तो एकदा खाली ओढला की कालव्यापलीकडच्या तारेत तेहतीस हजार व्होल्ट.

"साहेब, तो दांडा वाटप कंपनीचा आहे."

"काय?"

"वाटणीच्या यादीत अनुक्रमांक सत्तेचाळीस. स्विच आपला, दांडा त्यांचा. परवानगीशिवाय हात लावलात तर ते तक्रार करतील."

साहेबांनी शॉक बसल्यासारखा हात काढून घेतला. मग त्यांनी वाटप कंपनीला फोन लावला. ऑपरेटर फाटकाकडे बघत उभा. रस्ता रिकामा. त्याच्या हिशेबानं परवानगीला निदान आठवडा लागायला हवा होता. ती चार मिनिटांत आली. आयुष्यात पहिल्यांदा, आणि नेमकी आज.

"आता?" साहेब म्हणाले.

आता नियम संपले होते. ऑपरेटर पळत आत गेला, जुनी वही घेऊन आला आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत त्यानं सील फोडलं.

"नोकरी जाईल तुमची!"

"जाऊ दे. हे वाचा."

शेवटचं पान. वेळ आठ पाच. मेहुण्याची गिचमिड सही. 'परत केले' या रकान्यात काहीच नव्हतं.

"दांडा ओढायचा तर ओढा," ऑपरेटर म्हणाला. त्यानं वही पुढे केली. "पण आधी त्या रकान्यात तुमची सही करा."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं. रकान्याकडे पाहत राहिले. त्यांचा फोन वाजायला लागला, वाजून थांबला, पुन्हा वाजला. पेन काही टेकलं नाही. शेवटी त्यांनी फोन उचलला. "नाही, सर. नाही होणार. माणूस आहे लाइनवर." पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. साहेब ऐकत खडीवर मटकन बसले.

बारा वाजून वीस मिनिटांनी फाटकातून सायकल आली.

"दाजी, इन्सुलेटरचे तीन तेरा वाजले होते. आत्ता उतरलो. पाणी आहे का? आणि हे साहेब खाली का बसलेत?"

"आधी सही कर."

"करतो की. एवढी घाई कसली?"

"कर म्हटलं ना गाढवा!"

सही झाली. साहेब उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "सील फोडल्याची नोटीस येईल तुम्हाला."

"येऊ द्या. फक्त तिन्ही कंपन्यांकडून नको, घर लहान आहे."

ऑपरेटरनं दांडा धरला. तो थांबला, वळला आणि पाणी प्यायला निघालेल्या मेहुण्याची कॉलर डाव्या हातात घट्ट पकडली.

"अहो दाजी, सोडा!"

"गप उभा राहा," तो म्हणाला आणि उजव्या हातानं दांडा खाली ओढला.