देव्हाऱ्याखालचे दाणे

मित्रांनो, मी एक भिंग आहे. वस्तू दहा पट मोठी दाखवतो आणि स्टीलच्या छोट्या झाकणात घडी होऊन राहतो. पण माझी गोष्ट सांगायची म्हणजे आधी एका पितळी पंपाविषयी सांगावं लागतं, आणि माझं दुःख तिथूनच सुरू होतं.

१९९३ साली साधनाने मला विकत घेतलं. ती नाशिकला प्राणिशास्त्र शिकत होती. तिने माझ्यातून झुरळाचे पाय, माशीचे डोळे, तांदळातला सोंडा असं बरंच काही पाहिलं. प्रयोगशाळेत मुली मला हातोहात फिरवत. "साधना, तुझं भिंग दे ना जरा," हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येई. ते माझे सुखाचे दिवस होते.

पदवी मिळाल्यावर साधना तिच्या मामांकडे कामाला लागली. देवराममामांचा वाळवी आणि झुरळं मारण्याचा धंदा होता. तिथे तो पंप होता. पाठीवर घ्यायचा, पितळी, आरशासारखा लखलखीत. मामा रोज सकाळी त्याला चिंचेने घासत. तो घरात शिरला की माणसं आदराने मागे सरत. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळे. मी मात्र साधनाच्या पर्समध्ये, सेफ्टीपिना आणि बसच्या तिकिटांमध्ये पडून असे. मित्रांनो, मी कोत्या मनाचा आहे, हे मला मान्य आहे. त्याच्या नळीत कचरा अडकला की मला बरं वाटायचं.

वाळवी एकाच प्रकारची नसते. जमिनीतली वाळवी मातीच्या नळ्या बांधत भिंतीवरून चढते, कारण तिला ओल लागते. ओल्या, कुजक्या लाकडात राहणारी वेगळी. आणि कोरड्या लाकडातली त्याहून वेगळी. ती माती आणत नाही, पाणी मागत नाही, एका खुर्चीत किंवा चौकटीत जन्म काढते. तिची खूण एकच. ती आपली विष्ठा बारीक भोकातून बाहेर ढकलते. ते दाणे खसखशीएवढे असतात, पण माझ्यातून पाहिलं तर प्रत्येक दाण्याला सहा बाजू दिसतात. हे पंपाला दिसत नाही. त्याला फक्त फवारता येतं.

१९९८च्या एप्रिलमध्ये मामांना गंगापूर रोडवरून लताबाईंचं बोलावणं आलं. त्या घरी मामा आणि पंप आधी दोनदा जाऊन आले होते. जमिनीला भोकं पाडून औषध सोडलं होतं, चौकटी फवारल्या होत्या. तरी देव्हाऱ्याची मागची फळी पोकळ होत चालली होती. तो देव्हारा लताबाईंच्या यजमानांनी केला होता. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते. हरसूलकडून आंब्याच्या फळ्या आणून त्यांनी दोन उन्हाळे रविवारी रविवारी खपून तो बनवला. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

"ह्या खेपेला नाही जमलं तर राहू द्या, देवरामभाऊ," लताबाई म्हणाल्या. "पोकळ देव्हाऱ्यात देव ठेवायचे नसतात म्हणे. धाकटे दीर पुढच्या रविवारी येणारेत. देव्हारा गोदावरीत सोडून देऊ."

"वहिनी, औषध डबल मारतो आज. मातीच्या नळ्या भिंतीच्या आत असणार," मामा म्हणाले आणि त्यांनी पंप पाठीवर चढवला.

साधनाने विचारलं, "मामा, देव्हारा आतून पाहिला होता का?"

"देवाजवळ विष घेऊन जाऊ का मी? हातभर लांबूनच मारतो."

"फवारायचं नाही. नुसतं पाहिलं होतं का?"

मामांनी पंप पाठीवरून उतरवून दाराशी ठेवला. दोन वेळा सगळं घर फवारून झालं होतं, पण देव्हाऱ्याजवळ कोणी वाकलंच नव्हतं. साधना चपला काढून आत गेली. देव्हाऱ्याखाली बारीक दाण्यांची ढिगुली होती.

"ते उदबत्तीचं पडतं गं," लताबाई म्हणाल्या. "रोज झाडते मी."

साधनाने पर्स उघडली. मित्रांनो, किती महिन्यांनी मी उजेड पाहिला. तिने मला डोळ्याशी धरलं, दाणे तळहातावर घेतले, आणि मी माझं सगळं बळ लावून दाखवलं. सहा बाजू. प्रत्येकाला सहा.

"काकू, ही जमिनीतली नाहीच. ही ह्या फळीतच राहते. जमिनीत कितीही औषध सोडा, हिच्यापर्यंत पोचणार नाही."

पंप दाराशी भरलेला उभा होता. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत गोड क्षण, पण तो टिकला नाही. लताबाईंनी लगेच विचारलं, "मग मारायची कशी? देव्हाऱ्याला विष लावू देणार नाही मी."

मला मारता येत नाही. मला फक्त पाहता येतं.

"उन्हाने. लाकूड आतून पन्नास अंशांच्या वर तापलं की ही मरते," साधना म्हणाली.

देव एका पाटावर बसवले. देव्हारा गच्चीवर नेऊन काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला. साधनाने तसल्याच आंब्याच्या लाकडाच्या तुकड्याला भोक पाडून त्यात थर्मामीटर खुपसला आणि तो तुकडाही आत ठेवला. तीन दिवस दुपारी ती येऊन आकडा वाचायची. चोपन्न अंश, पंचावन्न अंश. सगळे थर्मामीटरभोवती जमत. आता मला त्याचाही हेवा वाटू लागला. उन्हाचाही वाटला असता, पण ऊन माझ्यातूनच आरपार जातं, त्याच्याशी काय भांडणार?

मग देव्हारा जागेवर ठेवून खाली काळा कागद पसरला. पाच दिवसांनी, शनिवारी, कागदावर अकरा दाणे होते.

"बघ," मामा म्हणाले. "उन्हात पापड वाळतात, साधना. वाळवी नाही मरत."

साधनाने दाणे माझ्याखाली धरले. पुन्हा सहा बाजू. लताबाईंनी पदर खोचला आणि पाटावरचे देव सारखे करायला लागल्या.

"काय दिसतंय?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

मित्रांनो, त्या वेळी मला वाटलं की साधनाने काहीतरी ठाम सांगावं. पंपासमोर माझी लाज राखावी. पण तिने खरं ते सांगितलं.

"दाणे तिचेच आहेत, काकू. पण नवे की पोकळीत राहिलेले जुने, हे भिंगातून कळत नाही. आपण उचलताना देव्हारा हलला होता. आता ठोकून सगळे काढू आणि न हलवता वीस दिवस थांबू. त्यानंतर एक जरी दाणा पडला, तर माझं चुकलं."

लताबाईंनी शेवटचा देव पाटावर सारखा केला. मग त्यांनी दिरांना फोन केला. "भावजी, उद्या नका येऊ. देव अजून वीस दिवस पाटावर बसतील. त्यांची काही तक्रार नाही."

मामांनी स्वतः देव्हारा उलटा धरला आणि तळहाताने थोपटत राहिले. वाटीभर दाणे पडले.

ते वीस दिवस मी पर्समध्ये कसे काढले, ते माझं मला माहीत. पंप रोज कुठेतरी फवारायला जात होता. मला त्या दिवसांत त्याचं काही वाटलं नाही, एवढं मात्र आठवतं.

विसाव्या दिवशी कागदावर एक कण होता.

फक्त एक, पांढुरका. मामांनी तो पाहिला आणि उजेड यावा म्हणून ते बाजूला सरकले. साधनाने ओल्या बोटाने तो उचलला. तिने मला डोळ्याशी धरलं. मग तिने कोपर गुडघ्यावर टेकवलं. कण वेडावाकडा होता. कडा धारदार, काचेसारखी चमक. सहा बाजू नव्हत्या.

"काकू, ही रांगोळी आहे."

"मीच काढते," लताबाई म्हणाल्या. "रिकामा असला म्हणून काय झालं, ह्यांचा देव्हारा आहे. रोज चार ठिपके काढते पुढे." मग त्यांनी हात पुढे केला. "दाखव मला. खरंच रांगोळी आहे ना?"

त्यांनी मला डोळ्याशी धरलं आणि खूप वेळ पाहिलं. मी इतका वेळ कुणाच्याच डोळ्याशी राहिलो नव्हतो. माझी काच ओली झाली. त्यांनी ती पदराने पुसली आणि मला साधनाच्या हातात दिलं. मग एकेक करून देव उचलले आणि आत ठेवले. देव ठेवण्याआधी मागच्या पोकळ फळीला मामांनी आतून नवी फळी लावून दिली. जुनी काढायला लताबाईंनी नको म्हटलं.

मित्रांनो, तुमच्या घरात लाकडाखाली काही दाणे दिसले, भिंतीवर मातीची रेघ दिसली, तर लगेच फवारायला धावू नका. आधी वाका आणि पाहा. देवाजवळसुद्धा वाका. आणि घरात एखादं भिंग असेल तर ते मऊ सुती कापडानेच पुसा. लताबाईंच्या पदराला जरीची किनार होती, तिने माझ्यावर एक बारीक ओरखडा उठला. तेव्हापासून मी सगळं जग त्या रेघेसकट दाखवतो.

माझी त्याबद्दल तक्रार नाही. पंपाला आजवर कुणी पदराने पुसलेलं नाही.