पायातून न निघालेला तोडा

रिठ्याचा फेस. शेवंतीची जड वेणी. कानशीची करकर. काचेच्या नळीत धरलेला पांढरा ढग. दाबलेल्या बोटाचा खळगा, जो भरून येत नाही.

मित्रांनो, या सगळ्यांच्या मधोमध मी होतो. मी चांदीचा एक जुना तोडा, कापलेला. नाशिकच्या सोनाराने मला आणि माझ्या जोडीदाराला घडवले. आम्ही अंबूबाईच्या पायांत गेलो. मखमलाबादच्या वाटेवर तिच्या सासरचा फुलांचा मळा होता. सून कोणत्या वाफ्यात आहे, हे सासू झुंबरबाई आमच्या आवाजावरून ओळखायची.

सन १९३४ मध्ये अंबूबाईला दिवस गेले आणि पाय सुजले.

"पाय कसे भरलेत! पोरगाच हाय," शेजारणी म्हणायच्या.

"तोडे नाय, बेड्या झाल्यात," तिचा नवरा सोमा हसायचा.

"मग तुम्ही घाला की!"

मी मात्र रोज मांसात रुतत होतो.

सकाळी तोंडही सुजू लागले, तेव्हा तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाईंनी तिच्या पायावर बोट दाबले; खळगा भरून आला नाही. मग तिची लघवी काचेच्या नळीत तापवली. लघवी ढगासारखी पांढरी झाली.

"लहानपणी अशी सूज यायची?"

"व्हय. सायखेड्याला, माहेरी. वैद्यानं लय दिवस अळणी खायला घातलं."

"मूत्रपिंडं तेव्हापासूनच अधू आहेत. आता त्यांच्यावर दोघांचा भार आलाय. मीठ बंद. पडून राहा. तोडे आजच काढा. आणि डोकं दुखलं तर थेट इथं आणा."

झुंबरबाईने साऱ्या घरालाच अळणी घातले. स्वतःही खाल्ले. एवढा तिचा जीव होता. पण तोडे काढले नाहीत.

"सातव्याची ओटी भरायची अन् पाय मोकळे? ओटी झाली की काढू."

ओटीच्या दिवशी मळ्यातल्या शेवंतीची वेणी माळली. अंबूबाईने कपाळ धरले. "आत्याबाई, डोकं फुटतंय."

"वेणी जड झाली असंल." सासूने वेणी सोडली.

"डोळ्यांपुढं धुकं आलंय."

आता झुंबरबाईला डॉक्टरीणबाई आठवल्या. पण आधी आठवले ते तोडे. रिठ्याचा फेस लावून ती मला ओढत राहिली. "आधी हे काढू दे, मग नेऊ! बाई रागावतील!" मी निघेना. सोमाने कानस आणली. आधी जोडीदाराला कापले, मग मला. तेवढ्यात अंबूबाईला झटके आले.

टांगा दवाखान्यात पोहोचला. बाळ जन्मले, पण रडले नाही. दिवस मावळायच्या आत अंबूबाईही गेली.

माझा जोडीदार तोडा तिच्याबरोबर चितेवर गेला. मला झुंबरबाईने झेंडूच्या बियांच्या मडक्यात टाकले. दर पेरणीला तिची बोटे मला लागतात आणि क्षणभर थांबतात. वाटेने कुणी गर्भारशी गेली, की ती हाक मारते, "पोरी, पाय दाव." मग बोट दाबून खळगा भरतो का ते बघते. बायका हसतात. ती हसत नाही.

मित्रांनो, घरात कुणा गर्भारशीचे पाय असे भरले, तर नुसते कौतुक करू नका. बोट दाबून बघा. लहानपणी काय दुखले होते ते विचारा. आणि डोके दुखते म्हणाली, तर दागिन्यांपाशी थांबू नका.

लग्नात मी अंबूबाईच्या पायात इतका सैल होत होतो, की सोनाराने आतून सूत गुंडाळून दिले होते.