डावीकडे कललेल्या रेघा

भूत यायचंच तर निदान अंधारात तरी यावं, असं मला आपलं वाटायचं. आमच्याकडे ते दिवसाढवळ्या आलं, आणि आलं ते थेट कामालाच लागलं.

आधी काम काय ते सांगते. दादा आणि मी, आम्ही भाऊबहीण, कुठेही नसलेली विमानं काढायचो. गेम बनवणाऱ्यांना, सिनेमावाल्यांना अशी लागतात. दादा स्केच करायचा, मी रंगवायचे. लहानपणी वहीच्या मागच्या पानांवर जी वाटणी झाली तीच पुढे कॉम्प्युटरवर आली, वहीऐवजी स्क्रीन आणि तिच्यावर चालणारं पेन. तो डावखुरा, मी उजव्या हाताची. सावली दाखवायला आम्ही बारीक तिरप्या रेघा मारतो, आणि त्या ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे कलतात. माझ्या उजवीकडे, त्याच्या डावीकडे. खाली सही नसली तरी रेघा बघून घरातलं कुणीही सांगेल, हे कुणाचं. मला तो ‘ठिणगी’ म्हणायचा, कारण माझं डोकं तापायला निमित्त लागत नाही. मग सगळेच म्हणायला लागले.

दादा गेला तेव्हा एक विमान अर्धं होतं. पेन हातात, कपाळ टेबलावर. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. मी माझी खोली सोडून वहिनीसोबत राहायला आले, कारण तिला एकटं ठेवायची कुणाची हिंमत होईना. वहिनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. दादा गेल्यापासून तिने उंबरठा ओलांडला नव्हता. केस विंचरायचे नाहीत, ताटात वाढलेलं नुसतं चिवडायचं. लॅबवाले भले, अजून जागा धरून होते. पण धरून धरून किती दिवस धरणार?

अशात आमच्याकडून विमानं काढून घेणाऱ्या कंपनीच्या कलाप्रमुखांचा फोन आला. त्यांना आम्ही घाईसाहेब म्हणतो. माणूस जेवतानासुद्धा घड्याळ बघतो.

“फार वाईट झालं हो, फारच वाईट. ते विमान कुठवर आलंय?” सगळं एका दमात.

माझ्या ओठांवर चांगली सणसणीत शिवी आली होती. पण शेजारी बसलेली वहिनी म्हणाली, “घे ते काम. पुरं कर. ते झालं की खोली आवरू, आणि मी पण कामावर जाईन.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती पुढचं काही बोलली होती. मी घाईसाहेबांना हो म्हटलं. कलेसाठी नाही, त्यांच्यासाठी तर मुळीच नाही. वहिनीने दाराबाहेर पाऊल टाकावं म्हणून.

विमान असं होतं. ज्या जगात ते उडतं तिथे जमीनच नाही, नुसते ढग. म्हणून त्याला चाकं नव्हती. “हे उतरणारच नाही, ठिणगे,” दादा म्हणाला होता, “मग उगाच चाकांचं ओझं कशाला?” पोट जाडजूड, पंख मागे वळवलेले, म्हातारी माणसं पाठीमागे हात बांधून चालतात तसे. नाक, पोट आणि एक पंख त्याने पक्का केला होता. दुसरा पंख, शेपूट, वैमानिकाची काच, हे सगळं फिकट अंदाजाच्या रेघांत.

पहिल्या दिवशी मी पडदे ओढले, कारण खिडकीतला उजेड स्क्रीनवर पडतो, आणि त्याच्या खुर्चीत बसले. स्केचच्या खालचा थर उघडला. आधी विमानाचा नुसता आकार करडा भरायचा, मग उजेड कुठून येतो ते ठरवायचं, मग गडद, मध्यम, फिकट. हात सवयीचा आहे. पण त्या डावीकडे कललेल्या रेघा डोळ्यांसमोर आल्या आणि मला पेन धरवेना. रडून काम होत नाही. स्क्रीन धूसर दिसते, बस्स.

मग मी आरसा दाबला. आमच्या कामात ही जुनी युक्ती आहे. एक बटण दाबलं की चित्र आरशात दिसल्यासारखं उलटं होतं, आणि नजरेला सवय झाल्यामुळे न दिसणाऱ्या चुका पटकन दिसतात. एरवी मी क्षणभर उलटं करून परत सुलटं करते. त्या दिवशी नाही केलं. कारण आरशात दादाच्या रेघा उजवीकडे कलल्या. एकदम परक्या झाल्या. जणू माझ्याच. आता कुठे श्वास घेता आला. मग मी दुपारभर रंगवलं, आणि आपण उलट्या चित्रात बसलोय हे पार विसरून गेले. संध्याकाळी फाइल बंद केली आणि उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने हाक मारली. आवाज असा की मी दात घासता घासता धावले.

ती त्या खोलीत उभी होती. फाइल तिनेच उघडली होती, दादाची रेघ बघायला रोज सकाळी उघडायची. म्हणाली, “हे काल नव्हतं.”

दुसऱ्या पंखाखाली सावली भरलेली होती. दाट, सफाईदार रेघा. सगळ्या डावीकडे कललेल्या.

मी रेघा मारल्या होत्या, हे आठवत होतं. पण माझ्या त्या माझ्यासारख्या. पेनच्या खाली मी त्यांना उजवीकडे कलताना बघितलं होतं. ह्या त्याच्या होत्या. मी स्क्रीनला बोट लावलं, वेड्यासारखं, पुसलं जातंय का बघायला.

“तू काढल्यास?” वहिनीने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. आणि देवाशपथ, तेव्हा ते मला खरंच वाटत होतं.

ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. चेहऱ्यावर रंग आला होता. म्हणाली, “मग तो येतो.”

एरवी कुणी असं बोललं असतं तर मी त्याला उभा आडवा घेतला असता. त्या सकाळी मी मान डोलावली. कारण मलाही तेच हवं होतं. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. आमच्या स्क्रीनवर दिसत होतं.

मग रोजच व्हायला लागलं. मी दुपारी रंगवायचे, अर्थात आरशात, कारण सुलटं बघायचा मला आता धीरच नव्हता. आणि सकाळी शेपटाखाली, काचेच्या कडेला, पोटाच्या वळणावर त्याच्या रेघा. मी कोपरे मुद्दाम मोकळे सोडायला लागले. इथे दादा करेल, म्हणून. काही भरले जायचे, काही नाही. न भरलेला दिसला की मी दिवसभर हिरमुसलेली. खोलीत शिरताना मी दारावर टकटक करायला लागले, ती कुणासाठी ते माझं मलाच विचारायची भीती वाटायची.

वहिनी जेवायला लागली. केस विंचरून सकाळी त्या खोलीत जायची, त्याच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसायची आणि बोलत राहायची. टेबलावर चहाचा कप ठेवायची. दुपारी मी गार चहा ओतून टाकायचे, वर धरलेल्या सायीसकट. मला वाटलं, चला, बाई सावरली.

कसली सावरते! लॅबमधून फोन आला, “सोमवारी येताय ना?” तर हिने सांगून टाकलं, “नाही. जागा दुसऱ्या कुणाला द्या.” त्यांनी बिचाऱ्यांनी, सोमवारपर्यंत विचार करा, म्हटलं. मी विचारलं, “वहिनी, हे काय? विमान झालं की जाणार होतीस ना?”

“विमान झालं की तो जाईल,” ती म्हणाली. “तू कशाला पुरं करतेस? दमाने घे.”

“अगं, घाईसाहेब माझा जीव खातील.”

“खाऊ देत.” मग म्हणाली, “ठिणगे, त्या दिवशी त्याने मला हाक मारली होती. ‘अगं, जरा ये ना.’ मी चादरी वाळत घालत होते. म्हटलं, एवढ्या घालते आणि येते. सगळ्या घातल्या. चिमटे लावले. मग आले.”

“मग?” मी विचारलं.

“मी त्याला इथे बसून विचारलं, रागावलास का रे? दुसऱ्या दिवशी शेपटाखाली रेघा. तुला माहीत आहे ना त्याचा स्वभाव? रागावला की पेन फेकून झोपायचा. रागावलेला माणूस काम करतो का? तू सांग.”

खरं सांगते, माझं डोकं फिरलं होतं. चादरी! माझा भाऊ मरत होता आणि ही चिमटे लावत होती. मी दात आवळून खोलीत गेले, दार लावलं, आणि त्या दिवशी असं रंगवलं की पेनचं टोक झिजलं. पोटाच्या पत्र्यावर ओरखडे, गंज, जळल्याचे डाग. विमान पार लढाईतून आल्यासारखं दिसायला लागलं. घाईसाहेबांना मधली फाइल पाठवली तर म्हणाले, “वा! आता कसं जिवंत वाटतंय.”

शनिवारी त्यांचा पुन्हा फोन. “कुठे घोडं पेंड खातंय? आणि हो, चित्र कसं घडलं त्याची फिल्म पण जोडा. स्केचपासून शेवटपर्यंत.”

ती फिल्म करावी लागत नाही. आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक रेघ आपोआप टिपून ठेवतं, नुसती चालवायची. मी दुपारी पडदे ओढून ती चालवली. खोलीत मी एकटी. चित्र सुलटं, हात कुणाचाच नाही, आणि रेघा आपोआप उमटतायत. नाक आलं, पोट आलं, पंख आला. दादाचं स्केच तिथे संपलं. पुढे करडा रंग पसरला. आणि मग पंखाखाली रेघा यायला लागल्या. डावीकडे कललेल्या. एकामागून एक, कुणी खुर्चीत बसून निवांत काढाव्या तशा. मी पुटपुटले, “दादा.”

तेवढ्यात एक रेघ आली आणि गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा आली ती राहिली.

ही माझी खोड आहे. मला पहिल्या झटक्यात रेघ कधी पटत नाही, मी ती रद्द करते, परत मारते, परत रद्द करते. दादा यावरून मला छळायचा. स्वतः एकदा मारलेली रेघ तो मागे घ्यायचा नाही, चुकली तर तिच्यातूनच काहीतरी नवीन काढायचा.

मी फिल्म पुढे नेली. शेपूट. काच. सगळीकडे तेच, आली, गेली, आली. दादासाठी मोकळे सोडलेले कोपरेसुद्धा रंगाच्या नादात मीच भरले होते. प्रत्येक रेघेच्या आधी माझा रंग, नंतर माझा रंग. मग मी आरसा दाबला, आणि त्याच रेघा वळून उजवीकडे कलल्या. मी दुपारभर बघायचे तशा. फाइल परत उघडली की चित्र सुलटंच येतं, आणि उजव्या हाताने आरशात मारलेली रेघ सुलट झाली की डावखुऱ्याची दिसणारच. चित्रकलेच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना कळतं हे. दुःखात माणसाची अक्कल गहाण पडते, दुसरं काय!

मला हसू यायला हवं होतं. मी टेबलाची कड धरून बसले. दादा दुसऱ्यांदा गेला होता, आणि या खेपेला मीच त्याला घालवलं होतं.

वहिनीला सांगायचं की नाही? नाही सांगितलं तर ती त्या स्टुलावर बसून म्हातारी होणार. सांगितलं तर रागावलास का, याचं मिळालेलं उत्तर मी तिच्या हातातून हिसकावून घेणार. रविवारभर मी घरात उगाच भांडी आपटत फिरले. संध्याकाळी तिला हाताला धरून खोलीत नेलं, पडदे उघडले आणि फिल्म दाखवली. आरसा दाबून दाखवला. एकही शब्द मऊ केला नाही, कारण मला ते येतच नाही.

ती शेवटपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे मी बोलले ते कुणी ऐकलंच नाही.”

“नाही.”

“आणि रागावलास का, ते...”

“ते त्याने नाही सांगितलं, वहिनी. तो आता नाही सांगू शकत.”

मला वाटलं ती कोसळेल. ती माझ्याकडे वळली. इतके आठवडे ती माझ्या आरपार खुर्चीकडे बघायची, आज माझ्याकडे बघत होती. “रेघा तू मारल्यास ना? मग तू सांग. तू रागावलीस माझ्यावर?”

“हो,” मी म्हटलं. आणि मग मला थांबताच येईना. कसल्या मेल्या चादरी, म्हटलं. नसत्या वाळल्या तर काय आभाळ कोसळणार होतं? माणूस हाक मारतोय तर ओल्या हाताने यावं, टाकून द्यावं सगळं. मी ओरडत होते, रडत होते, शेजाऱ्यांनी भिंतीवर थाप मारली तरी बोलत होते. ती उभी राहून ऐकत होती. मधेच एकदा म्हणाली, “हं, बोल.” तिने एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही, आणि मला मनोमन ठाऊक होतं की ती पळत आली असती तरी तो गेलाच असता. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. तेही मी तिला ओरडूनच सांगितलं.

शेवटी माझा आवाज बसला. तिने मला पाणी आणून दिलं. मी प्यायले.

सोमवारी सकाळी ती तयार होऊन बाहेर आली. लॅबचा पांढरा कोट इस्त्री करून हातावर टाकलेला. दाराशी चप्पल घालता घालता माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “आता तरी गेला का राग?”

खोटं बोलले असते तर तिला लगेच कळलं असतं.

“नाही,” मी म्हटलं. “पण संध्याकाळी तू बेल वाजवलीस की मी हातातलं सगळं टाकून येईन.”