मिठाची अमेरिकन वाटी

सासूबाई गोऱ्या मडमेच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होत्या. मडम कायमची अमेरिकेला निघाली तेव्हा तिनं त्यांना मिठाच्या सहा वाट्या दिल्या. साच्यात दाबून काढलेली जाड काच, अंगावर नक्षी, आकारानं लिंबाएवढ्या. मडमेच्या टेबलावर ज्याच्या त्याच्यापुढं आपापल्या मिठाची वाटी असायची. गावचा दुकानदार विटाळ नको म्हणून सासूबाईंच्या ओंजळीत मीठ वरनं टाकायचा. त्यांनी घरात मडमेची रीत लावली.

वाटणीत तीन वाट्या मला आल्या, तीन थोरल्या जावेला, आक्काला. तिनं चौथी मागितली तर मी म्हणाले, "मडमेनं वाट्या दिल्या, अक्कल द्यायची राहिली." तेव्हापासनं आठ वर्षं बोलणं नाही.

माझ्या दोन फुटल्या. उरलेली आमच्या मालकांच्या ताटापुढं असायची. मालकांना आता काही आठवत नाही. पोटचा धम्मपाल त्यांना बँकेतला साहेब वाटतो. पण वाटी दिसली की बोटानं नक्षी चाचपायचे, चिमूटभर मीठ घ्यायचे आणि जेवायचे. वाटी नसली तर तोंड मिटलेलं.

आषाढात मिठाला पाणी सुटतं. मी तव्यावर मीठ भाजलं आणि घाईनं गरमच वाटीत ओतलं. टक् झालं. दोन तुकडे. सुनेला भांडं कसं धरायचं ते शिकवणारी मी.

स्टीलची वाटी ठेवून बघितली, बाजारातनं काचेची आणली. दोन दिवस मालकांच्या पोटात नुसतं पाणी गेलं. डॉक्टर म्हणाले, नाकातनं नळी घालावी लागेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी कागलची एसटी धरली. आक्का दारात तांदूळ निवडत होती.

"वाट चुकलीस व्हय, शेवंता?"

"वाटी पायजे. माझी फुटली. मालक जेवत न्हाईत."

"आनि अक्कल?"

"असली तर ती बी दे."

ती हसली नाही. उठली, वाटी फडक्यात गुंडाळली. "तुझ्या हातात देत न्हाय. मी येते."

घरी आल्यावर तिनंच ताट वाढलं, वाटी पुढं ठेवली. मालकांनी नक्षी चाचपली. मग वर बघितलं आणि आक्काला म्हणाले, "आई."

आक्कानं भात भरवला. त्यांनी खाल्ला. दुसरा घास तिनं माझ्या हातात दिला, "तू भरव." मी हात पुढं केला तसं त्यांनी तोंड फिरवलं. तिनं भरवला तर घेतला. पंचावन्न वर्षं ह्या माणसाला मी वाढलं होतं.

मी चौकटीला धरून उभी राहिले.

"आई," ते आक्काला म्हणाले, "ह्या बाई कवापासनं हुब्या हायत. पावण्यास्नी वाढ की."

आक्का माझ्याकडं बघेना. तिनं दुसरं ताट घेतलं. मी भिंतीकडेला बसले.

"लाजू नका," मालक म्हणाले. "आपलंच घर समजा."

मी जेवले.