ऊट झालं का?

येलहंक्याच्या त्या दुमजली घराच्या जिन्यात अवधूतला रोज एकच प्रश्न गाठायचा. "ऊट झालं का रे?"

विचारणाऱ्या सोयराक्का. खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या घरमालकीण, वय अडुसष्ट. त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी टिकली, पण तिच्यात कानडी अशी मिसळली की दुधात पाणी किती हे गवळ्यालाही सांगता येऊ नये. जेवणाला त्या कानडीतलं 'ऊट' म्हणत. शाळा कानडीत झालेली. देवनागरी अक्षरं आईकडून शिकलेली, पोथीपुरती.

"झालं, अक्का," असं म्हणत अवधूत न थांबता वर जायचा. हे उत्तर धड खरं नसायचं आणि धड खोटंही नसायचं. त्याचं खाणं झालेलं असायचं. जेवण झालेलं नसायचं.

अवधूत मूळचा नागपूरचा, एक्केचाळीस वर्षांचा, घरी बसून संगणकाची नोकरी करणारा. बाकीचा वेळ तो एका शर्यतीला वाहत होता. उन्हाळ्याच्या तोंडावर नंदीच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका तलावापाशी ती भरायची. आधी दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, आणि एवढं करून कुणाचं समाधान होत नाही म्हणून वर एकवीस किलोमीटर धावायचं. सकाळी साडेसहाला सुरुवात, दुपारी तीनच्या आत शेवट. तीन वाजून एक मिनिट झालं की सगळं पाण्यात.

या खेळात पाय नंतर हरतात, आधी पोट हरतं. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण करणारा माणूस बहुतेक असलंच काहीतरी करून आला असावा. त्याचा कोच त्रिविक्रम मात्र म्हणींच्या भानगडीत न पडता हिंदीत सांगायचा, "पेट को भी ट्रेनिंग दो." म्हणून हॉलमध्ये सायकल स्टँडवर चढवलेली होती. तीन-तीन तास ती जागच्या जागी हाणायची आणि दर वीस मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ टुणटुणलं की खायचं. कधी मीठ लावलेला उकडलेला बटाटा, कधी खजूर, कधी पुडीतली चिकट गोड जेल. भूक असो नसो, चव लागो न लागो. दिवसभरात त्याला आपणहून 'खा' म्हणणारं ते घड्याळच होतं, आणि त्यालाही उत्तर द्यावं लागत नसे.

पूर्वी घरात कस्तुरी होती. त्याची बायको. दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी तिनं वडाभात केला होता. नागपूर सोडल्यापासून पहिल्यांदाच. डाळी आदल्या रात्री भिजवलेल्या, वर कढत फोडणीचं तेल, बाजूला कढी. दोघांची ताटं वाढून झाली, त्यानं दोन घास घेतले आणि घड्याळ वाजलं. सायकलची वेळ झाली होती, शिवाय तेलकट पोटात गेलं तर आठवड्याचं गणित बिघडलं असतं.

"अरे, जेवून तर घे ना," कस्तुरी म्हणाली.

"आल्यावर बघू," म्हणून तो उठला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं त्याच्या ताटावर झाकण ठेवलं. महिन्याभरानं ती नागपूरला गेली ती गेलीच.

आणि ज्या शर्यतीसाठी हे सगळं झालं, ती गेल्या वर्षी त्याच्या हातून पुरी झाली नाही. धावण्याच्या अकराव्या किलोमीटरला पोटानं सगळं बाहेर टाकलं आणि त्याला गाडीत घालून परत आणलं. तेव्हापासून एकच प्रश्न त्याला कुरतडत होता. ही शर्यत कधीच पुरी झाली नाही, तर घर मोडलं ते कशासाठी? यंदा ती पुरी करायचीच, म्हणजे निदान मोडण्याला काही कारण तरी होतं असं म्हणता येईल.

शर्यतीच्या आदल्या दिवशी त्रिविक्रमनं सगळ्यांना एकेक कापडी पिशवी दिली. धावण्याच्या मध्यावर ती हातात मिळते, आपल्याला लागेल ते आपण तीत आधी भरून ठेवायचं. "और एक चीज घरवालों से डलवाना," तो म्हणाला. "तुम मत देखना." बाकीचे हसले. कुणाची आई, कुणाची मुलगी, कुणाची बायको. अवधूतनंही हसल्यासारखं केलं.

संध्याकाळी तो जिन्यात जरा रेंगाळला. अक्कांना पिशवीचं आणि धावताना बिघडणाऱ्या पोटाचं समजावून सांगताना त्याला शरमच वाटली.

"म्हणजे मी ठेवायचं? काय पण?"

"काहीही. लहानसं."

"सरी, सरी," होकाराची मान हलवत अक्का म्हणाल्या, आणि एवढ्या गंभीर झाल्या की जणू कुणी लग्नाची जबाबदारी अंगावर टाकली. पहाटे साडेचारला त्यांनी पिशवीचं तोंड घट्ट बांधून ती त्याच्या हातात दिली.

पोहणं बरं झालं. सायकलही झाली. घड्याळ वाजत राहिलं, तो खात राहिला. धावायला लागला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आठव्या किलोमीटरला जेल ओठाला लावली आणि पोटानं दार लावून घेतलं. पाण्याचा घोटसुद्धा वर येऊ लागला. दहाव्या किलोमीटरला स्वयंसेवक मुलीनं पिशवी हातात दिली, आणि ती घेऊन तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला. बसायचं नसतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बसलेला माणूस सहसा गाडीतूनच परत जातो.

पलीकडे एकजण आपल्या मुलीनं काढलेलं चित्र पिशवीतून काढून बघत होता. अवधूतनं गाठ सोडली. आत त्याचेच मोजे, त्याच्याच मिठाच्या गोळ्या, आणि तळाशी स्टीलची एक छोटी डबी. तिच्यावर कागद चिकटवलेला. पिशव्या बर्फाच्या पेटीशेजारी ठेवलेल्या असाव्यात, कारण कागद ओला होऊन शाई पसरली होती. दोनच अक्षरं होती.

ऊठ.

त्याला रडू आलं. कोण कुठली म्हातारी, आपण तिला रोज एका शब्दात कटवतो, आणि तिला बरोबर कळलं होतं की हा इथं बसणार. त्यानं डबी पाठीमागच्या खिशात कोंबली आणि तो उठला.

पुढचं धावणं म्हणवत नाही. चालणं, खुरडणं, मध्येच थोडी धाव. कोलाचे चमचाभर घोट पोटात राहिले, तेवढ्यावर तो ओढत गेला. डबी कमरेवर आपटत होती आणि प्रत्येक पावलाला ऊठ, ऊठ म्हणत होती. तीनला चार मिनिटं कमी असताना तो पोचला.

गळ्यात पदक पडलं. त्याचा फोटो त्यानं कस्तुरीला पाठवला. खूप वेळानं उत्तर आलं, 'अभिनंदन.' त्या शब्दाच्या मागेपुढे काही सापडतं का म्हणून त्यानं तो चारदा वाचला. काही नव्हतं.

दिवेलागणीला तो घरी पोचला. अक्का दारातच बसल्या होत्या. त्यानं पदक दाखवलं आणि डबी परत दिली. त्यांनी ती हातात तोलून पाहिली.

"ही तर भरलेलीच आहे की रे."

झाकण काढलं तसा आंबूस वास सुटला. दहीभात होता, वर डाळिंबाचे दाणे.

"अक्का, तुम्ही 'ऊठ' लिहिलं होतंत ना? म्हणून तर उठलो. नाहीतर तिथंच संपलं होतं."

अक्कांनी चष्मा चढवून कागद उजेडात धरला. "ऊठ कुठं? ऊट लिहिलंय मी. पोट बिघडतं म्हणालास, म्हणून मऊ भात कालवला, खा म्हणून." आणि त्या मोठ्यानं हसल्या. "म्हणजे भरल्या ताटावरून उठलास म्हण की!"

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण अवधूतला हसता येईना. आज काय झालं ते त्याला कळलं. कुणीतरी जेव म्हणालं आणि त्यानं ऊठ वाचलं. आणि हे काही आजच झालं नव्हतं. तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि पदक गळ्यात असताना लहान पोरासारखा रडला. अक्कांनी डबी बाजूला ठेवली. मग त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला.

"ऊट झालं का रे?"

"नाही, अक्का," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली, नाही झालं."

त्यांनी त्याला आत नेऊन बसवलं. भात, सारू, लिंबाचं लोणचं. त्या स्वतः जेवून बसल्या होत्या, तरी समोर पाट घेऊन बसल्या. पहिला घास घेण्याआधी त्यानं फोन काढला आणि जे कधीच विचारलं नव्हतं ते लिहिलं. 'त्या दिवशीच्या माझ्या वडाभाताचं तू काय केलं होतंस?'

या वेळी उत्तर लगेच आलं.

'संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग मीच खाल्लं. ओट्यापाशी, उभ्यानं.'

त्यानं फोन पालथा ठेवला. मनगटावरचं घड्याळ वाजलं, तेही वाजू दिलं. पोटानं भात घेतला. ताटात शीत उरलं नाही, तेव्हा अक्का पातेलं घेऊन वाकल्या.

"स्वल्प वाढू?"

त्यानं ताट पुढे केलं.