दोन डाव्या बाह्या

घरी कपडे शिवणाऱ्यांसाठी पॅटर्न, म्हणजे कपडा बेतायचे कागदी नमुने, छापणाऱ्या त्या कंपनीत एक नियम होता, आणि तो मालकांनाही चुकला नव्हता. नवा पॅटर्न छापखान्यात जाण्याआधी कच्च्या हाताकडे जायचा. कच्चा हात म्हणजे ज्याने जन्मात कधी कपडा शिवलेला नाही असा माणूस. त्याला पातळ कागदाचे तुकडे, सूचनांचं पान, कापड आणि मशीन द्यायचं आणि खोलीत एकटं सोडायचं. त्याने विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. कपडा बिघडला तर चूक कागदाची, माणसाची नव्हे.

नियम मालकीणबाईंचा, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींचा होता. फार पूर्वी त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वर्तमानपत्राच्या कागदावर शेजारणीसाठी एक फ्रॉक आखून दिला होता. शेजारीण तो उलटा शिवून घेऊन आली, गळा खाली आणि घेर वर. "डोळे आहेत का तुला?" हे वहिनींच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि कागदावर पेन्सिलीने लिहिलं : 'गळा'. कंपनी सुरू झाली ती त्या एका शब्दापासून.

मग वहिनींनी आखायचं, नवऱ्याने छापायचं आणि धाकट्या दिराने गावोगाव जाऊन विकायचं, असं ठरलं. भावजींच्या जिभेला हाड नव्हतं. "आमचा कागद हातात धरला की कोणालाही शिवता येतं," असं ते प्रत्येक दुकानदाराला छातीठोकपणे सांगायचे. पॅटर्नची पाकिटं भरायला आधी एक खोली लागली, मग मजला, मग अख्खी इमारत. रस्त्याने जाताना एखाद्या अनोळखी मुलीच्या अंगावर आपली कॉलर दिसली की वहिनींची मान आपोआप ताठ व्हायची.

कच्चा हात मात्र फार दिवस कच्चा राहायचा नाही. एक कपडा नीट जमला की माणसाला चटक लागायची. मग वहिनी त्याच्या हातात नवी कोरी कात्री ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता तू आमच्या कामाचा राहिला नाहीस." पाकिटं भरणाऱ्या बायका, पोस्टमन, वहिनींची सून, सगळ्यांना असा मानाने नारळ मिळाला होता.

पुढे तयार कपडे कापडापेक्षाही स्वस्त झाले. घराघरांतल्या मशीनवर आधी आच्छादनं पडली, मग फुलदाण्या आल्या. दुकानदारांनी पाकिटांचा स्टँड दर्शनी भागातून दारामागे नेला आणि शेवटी साभार परत पाठवला. वहिनींचा नवरा गेला, मजले रिकामे झाले. आता छपाईचं मशीनही विकलं गेलं होतं आणि ते न्यायला टेम्पो येणार होता. त्याआधी छापायचा एकच पॅटर्न उरला होता, एक साधा सदरा. वहिनींनी आखलेला शेवटचा.

"टाकतो छापायला," भावजी म्हणाले.

"कच्चा हात लागला नाही अजून."

"अहो वहिनी, कंपनी बंद होतेय! तक्रार घेऊन येणार कोण?"

"म्हणून तर. विचारायला दार उरणार नाही. मग कागदाने एकट्याने निभावायला नको?"

"आणि कच्चा हात आणू कुठून? आपल्याकडे झाडणारी बाईसुद्धा कोट शिवते."

वहिनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"छे! मुळीच नाही," भावजी दोन पावलं मागे सरले. "बटण तुटलं तर मी सदरा बदलतो."

"कोणालाही शिवता येतं, असं जन्मभर सांगत आलात ना?"

"ते विकण्यासाठी बोलतो हो माणूस!"

"मी खरं धरून चालले होते."

भावजींनी एकदा छताकडे पाहिलं, कोट खुंटीला अडकवला आणि रेघारेघांचं कापड बगलेत मारून ते खोलीत गेले.

वहिनी बाहेर बसल्या. आतून मशीन अडखळत चालायचं, थांबायचं, मग सुईच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. दोनदा त्यांचा हात कडीपर्यंत गेला आणि मागे आला.

भावजी सदरा अंगात घालूनच बाहेर आले. डावी बाही झोकात बसली होती. उजवी मात्र खांद्याशी पिळली होती आणि हात खाली घेतला की पाठ आवळत होती.

"हात वर ठेवला तर बरा दिसतो," ते ओशाळून म्हणाले. "जाऊ दे, मीच ठोंब्या."

वहिनींनी त्यांना गोल फिरवलं, बाह्या चाचपल्या. दोन्ही डाव्या होत्या. आत टेबलावर उरलेलं कापड एकेरी पसरलेलं होतं. बाहीचा कागद एकाच बाजूने दोनदा ठेवून खडूने आखल्याच्या खुणा त्यावर स्पष्ट दिसत होत्या. त्यांनी सूचनांचं पान उचललं. 'बाही : दोन कापा.' पुढे काही नव्हतं. कापड दुहेरी घडी घालून बेततात, हे त्यांच्या हातांत इतकं मुरलं होतं की लिहायचंच राहिलं होतं.

वहिनींचा चेहरा तापला. "काय केलंत तुम्ही इथे?"

"लिहिलंय तेच. दोन कापल्या."

"बरोबर केलंत. चूक कागदाची."

त्यांनी पेन्सिल घेतली. 'कापड घडी घालून दुहेरी करा आणि दोन्ही थर एकदम कापा. कापड एकेरी असेल, तर दुसरी बाही आखताना कागद पालथा ठेवा.' मग पान भावजींच्या हातात परत दिलं.

"पुन्हा?"

"नियम आहे."

या खेपेला आतून शिव्या कमी ऐकू आल्या आणि मशीन जास्त. भावजी बाहेर आले तेव्हा दोन्ही हात सरळ खाली लोंबत होते आणि रेघा खांद्यावरून नीट उतरत होत्या. वहिनींनी खणातून कात्री काढली. नवी उरलीच नव्हती, ही त्यांची स्वतःची होती.

"आता तुम्ही आमच्या कामाचे राहिला नाहीत, भावजी."

भावजींनी कात्री दोन्ही हातांत घेतली आणि कपाळाला लावली.

पॅटर्न छापला गेला. शेवटचं पाकीट चिकटवून होतंय तोच टेम्पो आला. मशीनला दोर बांधता बांधता टेम्पोवाला भावजींकडे निरखून पाहत म्हणाला, "सदरा छान आहे, काका. कुठून घेतला?"

"घेतला?" भावजींनी दोन्ही हात आधी वर केले, मग सावकाश खाली आणले. "शिवलाय. मी! हे धर पाकीट. कोणालाही शिवता येतं."

वहिनी दारात उभ्या होत्या, ताठ मानेने.